पहिल्या मीटिंगला जाताना

दारू सोडायच्या मीटिंगला पहिल्यांदा कसं जायचं, हे विचारलंस ते बरं केलंस रे. पण आधी एक: रोज पीत असशील तर एकदम बंद करू नकोस. हात थरथरतात, फिटही येऊ शकते. आपल्या गोव्यातल्या बांबोळीच्या मनोविकार इस्पितळात किंवा जवळच्या डॉक्टरला दाखव. रात्री जीव घाबरला तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन फुकट आहे.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना, तिच्या मीटिंगा आपल्याकडे बऱ्याचदा चर्च नाहीतर कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) हॉलात असतात. मी हिंदू, आत कसा जाऊ, म्हणून दोन आठवडे गेटवरूनच परत फिरलो. ती चूक तू करू नकोस. कुणी धर्म विचारत नाही, आडनावही नाही. फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. पहिल्या दिवशी माझा हात इतका हलत होता की शेजारच्या म्हाताऱ्याने चहाचा कप अर्धाच भरून दिला. बोलला काही नाही.

- निघण्यापूर्वी फोन करून वेळ आणि भाषा विचार.
- ‘ओपन’ मीटिंगला घरचेही चालतात, ‘क्लोज्ड’ फक्त आपल्यासाठी.
- ओळखीचे भेटतील अशी भीती असेल तर फोंड्याच्या माणसाने मडगाव गाठावं.
- बोलायची सक्ती नाही, नुसतं ऐक.

एक मीटिंग रुचली नाही म्हणून सोडू नकोस, दुसरी बघ. बारा पायऱ्या (दारूपासून दूर राहायचा त्यांचा कार्यक्रम), स्पॉन्सर (सोबत करणारा जुना सदस्य) हे सगळं मागाहून. तुझी प्यायला बसायची जी वेळ, त्याच वेळेची मीटिंग निवड.