मिठाआधी काढलेली वाटी

*प्रिय मावशी, प्रभूच्या नावाने सलाम.*

*मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. वय ४१. आमची मंडळी (चर्च) मिशनच्या काळातली, जुनी. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे १९ वर्षं, प्रीतिभोजनाचा, म्हणजे मंडळीच्या पंगतीचा, स्वयंपाक माझ्याकडे आहे. कुणी आजारी पडलं की डबाही मीच नेते. दोन वर्षांपासून आमच्याकडे शुक्रवारी उपास-प्रार्थना असते. माझ्या मोठ्या जाऊबाई ती चालवतात. त्यांना देवाकडून आलेला संदेश देण्याचं दान आहे असं सगळे मानतात. तिथे आमच्याकडून कृपादानांचं, म्हणजे देवाने कुणाला कोणतं दान दिलंय याचं, प्रश्नपत्रक भरून घेतलं. माझं दान 'सेवा' निघालं. जाऊबाई म्हणाल्या, हे कसलं दान, हे तर सगळ्याच बायका करतात. अन्य भाषा (प्रार्थनेत आत्म्याने येणारी अनोळखी भाषा) येत नाही तोवर तुझ्यात आत्माच नाही.*

*मागच्या महिन्यात सगळ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून रात्री अकरापर्यंत प्रार्थना केली. 'जीभ सैल सोड, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हण' असं सांगत होत्या. शेवटी मी बोलले. पण मावशी, ते माझं मीच बोलले. सगळ्या रडल्या, मला मिठ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी ह्यांनी पेढे आणले. तेव्हापासून मला प्रभुभोजन, उपासनेतली ती भाकर आणि प्याला, घेववत नाही.*

*आणखी एक. शेजारी एक आजी आहेत, त्यांना बीपी आहे. प्रीतिभोजनाच्या आमटीत मीठ घालायच्या आधी मी त्यांच्यापुरती वाटी काढून ठेवते. जाऊबाईंनी त्यांना 'तू बरी झालीस' असा संदेश दिला. परवा डबा घेऊन गेले तर गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी पडलेली. बोलायला गेले तर माझाच विश्वास कमी म्हणतील. माझं दान नेमकं कोणतं? मी काय करू?*

प्रिय मुली,

सलाम. पत्र वाचून झालं की आधी आजींकडे जा. तुझं दान कोणतं हा प्रश्न दोन दिवस थांबेल, बीपी थांबणार नाही. अचानक गोळ्या बंद केल्या की बीपी झपाट्याने चढू शकतं, पक्षाघात होऊ शकतो. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना सोबत घे, आजींना आरोग्य केंद्रात ने, बीपी मोजून घे आणि किती दिवस गोळ्या चुकल्या ते डॉक्टरांना सांग. राहिलेल्या गोळ्या एकदम देऊ नकोस, पुन्हा कशा सुरू करायच्या ते डॉक्टर ठरवतील. आजींचा मुलगा असेल तर त्याच्याही कानावर घाल. यासाठी तुला कुणाची परवानगी लागत नाही.

कुणी विश्वास काढलाच तर प्रेषित पौलाचा सोबती त्रफिम याची आठवण दे. पौलाच्या हातून किती आजारी बरे झाले हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. तोच पौल तीमथ्याला लिहितो की त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. एका ओळीत लिहितो आणि पुढे जातो. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं म्हणत नाही, माझं दान आटलं असंही म्हणत नाही. त्याच तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घेत जा असा घरगुती उपायही तो सांगतो, आणि त्याच्या सोबत्यांत लूक वैद्य होता. आपल्याकडे मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली उघडलं, नगरला बूथ हॉस्पिटल आहे. ही दोन्ही दारं प्रभूच्याच नावाने उघडली गेली. प्रार्थना करा, हात ठेवा, तेल लावा, रात्रभर जागा. पण 'गोळी बंद कर' हे प्रार्थनेतलं वाक्य नव्हे. देवाने खरोखर बरं केलं असेल तर मशीनवर दिसेल आणि डॉक्टर स्वतःच गोळ्या कमी करतील.

आता तुझ्या मनातल्या काट्याकडे येते.

तू खोटं बोललीस. मी ते गोड करून सांगणार नाही, आणि तुलाही ते नको आहे, नाहीतर तू लिहिलंच नसतंस. पण ते कसं घडलं तेही बघ. दिवसभराचा उपास, रात्रीचे अकरा, डोक्यावर आठ-दहा हात, आणि घरातल्याच थोरल्या बाईचं म्हणणं की तुझ्यात आत्मा नाही. असल्या दाबाखाली माणूस काहीही बोलून सुटका करून घेतं. जीभ सैल सोडायला शिकवून येतं ते देवाचं दान कसं म्हणायचं? शब्दच बघ की. करिंथकरांच्या पत्रात या दानासाठी असलेल्या मूळ ग्रीक शब्दाच्या पोटात 'कृपा' आहे, म्हणून आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तो 'कृपादान' झाला. कृपेने मिळतं ते घोकून मिळत नाही.

अन्य भाषेच्या विरोधात मी नाही, हे ठामपणे सांगते. पौल स्वतः त्या बोलायचा आणि मनाई करू नका असं त्याने लिहून ठेवलंय. तुझ्या शुक्रवारच्या गटात कुणाला ते दान खरंच असेल, मी इथे बसून नाही म्हणणारी कोण? पण त्याच पौलाने विचारलंय की सगळेच अन्य भाषा बोलतात काय, आणि उत्तर 'नाही' असंच यावं अशा ढंगाने विचारलंय. मंडळीत अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावं असंही तो म्हणतो. समजतील असे पाच शब्द त्याला न समजणाऱ्या दहा हजारांपेक्षा मोलाचे वाटतात. आणि आत्मा आहे की नाही याची खूण पहिल्या करिंथकरांच्या बाराव्या अध्यायाच्या तोंडालाच दिली आहे. पवित्र आत्म्याशिवाय कुणालाही 'येशू प्रभू आहे' म्हणता येत नाही. तू मला लिहिलेल्या पत्राची सुरुवातच त्याच्या नावाने केलीस. तिथे जाऊबाईंचा मुद्दा संपतो.

दौंडजवळचं केडगाव तुझ्यापासून फार लांब नाही. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५च्या जूनमध्ये जे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, सुरू झालं, त्यात मुली तासन्‌तास रडत प्रार्थना करत होत्या, पापं कबूल करत होत्या, पुढे काही अन्य भाषाही बोलल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरचा अन्य भाषांसाठी प्रसिद्ध झालेला जागर यानंतरचा, १९०६चा. रमाबाईंनी मुलींना अडवलं नाही. पण स्वतः अन्य भाषा बोलल्याचा दावाही त्यांनी कधी केला नाही. त्या काय करत होत्या? इब्री आणि ग्रीक घेऊन वर्षानुवर्षं बसल्या, साध्या बाईला कळेल अशा मराठीत शास्त्राचं भाषांतर केलं. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम हातावेगळं झालं. ते छापलं मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींचं जेवण रांधणारे हातही त्याच आवारात होते. त्या चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईत आत्मा नव्हता असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

मग प्रभुभोजनाचं काय? ते सोडू नकोस. माणसाने स्वतःची परीक्षा करावी असं शास्त्र म्हणतं, आणि त्याच वाक्यात पुढे म्हणतं की मग भाकर खावी. तुझी परीक्षा महिनाभर चालली आहे, आता दुसरा भाग कर. आधी प्रभूला सांग. मग ह्यांना सांग, कारण पेढ्यांचं ओझं तुझ्या मनावर आहे आणि नवऱ्यापासून लपवलेली गोष्ट घरात रोज जेवायला बसते. मग पाळकसाहेबांना, किंवा संकोच वाटत असेल तर पाळकबाईंना. सगळ्या मंडळीसमोर उभं राहायची गरज नाही. जाऊबाईंना मात्र एकटीने भेट. एवढंच म्हण: "ताई, त्या रात्री मी बोलले ते माझं होतं, देवाचं नव्हतं. मला तुम्हाला फसवायचं नव्हतं, पण फसवलं. यापुढे माझ्यावर हात ठेवाल तर माझ्यासाठी प्रार्थना करा, माझ्याकडून काही काढून घेण्यासाठी नको." आणि त्याच बैठकीत आजींच्या गोळ्यांचं बोल. त्या रागावतील, काही दिवस बोलणारही नाहीत. संदेश देणाऱ्याचं बोलणं बाकीच्यांनी पारखून घ्यावं हा पौलाचाच नियम आहे, आणि संदेशाने माणूस उभा राहतो, धीर धरतो, त्याचं सांत्वन होतं असंही तोच सांगतो. आजींना आलेला संदेश या मापाने पाळकसाहेबांनी मोजला पाहिजे. ते काम तुझ्या एकटीच्या गळ्यात पडू देऊ नकोस.

आता तुझा प्रश्न. प्रश्नपत्रकावर माझा राग नाही. अमेरिकेतल्या मंडळ्यांत १९७०च्या दशकात अशी पत्रकं निघाली आणि तिथून ती सगळीकडे गेली. अगदी नवख्या माणसाला विचार करायला लावतात, तेवढं बरं आहे. पण ती तुला तुझ्याबद्दल विचारतात. दान मात्र दुसऱ्याच्या उपयोगासाठी असतं, म्हणून ते आधी दुसऱ्याला दिसतं. माझंच सांगते. मी पाळकाची मुलगी, म्हणून विशीत शाब्बाथ शाळेचा वर्ग माझ्याकडे आला. चार वर्षं शिकवलं, मुलं जांभया द्यायची. एका रविवारी मला ताप होता, तेव्हा वर्ग झाडायला येणाऱ्या बाईंनी योसेफाची गोष्ट सांगितली. पुढच्या रविवारी मुलं दारातून माझ्याकडे न बघता त्यांना शोधत होती. वर्ग त्यांना देताना मला रडू आलं होतं, पण मुलांना माहीत होतं ते मंडळीला चार वर्षं दिसलं नव्हतं.

तुझ्या चार पानी पत्रात त्या वाटीला तू एक ओळ दिली आहेस. मी तिथेच अडकले. दीडदोनशे माणसांचं पातेलं उकळतंय, वाढायची घाई, आणि मीठ टाकण्याआधी एका बाईला आठवतं की एक वाटी बाजूला काढायची आहे. हे सगळ्याच बायका करत नाहीत. मी अनेक पंगती पाहिल्या आहेत.

पहिल्या करिंथकरांचा अकरावा आणि बारावा अध्याय एका बैठकीत वाच. बारावा कृपादानांचा म्हणून सगळे तो उघडतात. त्याच्या लगेच आधी पौल कशावर रागावलाय? पंगतीवर. करिंथात काहीजण आधी येऊन जेवून घ्यायचे, पिऊन तर्र व्हायचे, आणि गरीब उपाशी राहायचे. तो म्हणतो, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. दानांनी मिरवणारी मंडळी ताटावर एकमेकांना विसरली होती, आणि मग त्याने त्यांना समजावलं की मंडळी एक शरीर आहे आणि आपण त्याचे अवयव. बाराव्या अध्यायाच्या शेवटी दानांची यादी आहे, तीत 'साहाय्य करणे' आहे, निरोगी करण्याच्या दानांना लागून आणि अन्य भाषांच्या आधी. रोमकरांच्या पत्रात सेवा आणि दया वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. तुझ्यात मला दोन्ही दिसतात. पण मी लांबून शिक्का मारणार नाही. ज्यांच्याकडे तू डबा घेऊन गेलीस अशा तिघांना विचार, तू येतेस तेव्हा त्यांचं काय होतं ते. ते सांगतील.

आणि एक तक्रार मी तुझ्या वतीने करते. १९ वर्षं एकच बाई चुलीशी का? उपासना चालू असताना तू आत असतेस, शेवटचा उपदेश पूर्ण कधी ऐकलास? यरुशलेमात विधवांच्या वाढणीवरून कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी पंगतीची सेवा सात जणांकडे सोपवली, आणि ते सातही पुरुष होते, आत्म्याने पूर्ण असलेले म्हणून निवडलेले. तुझ्या मंडळीत सात जण नक्की निघतील. पाळकसाहेबांना प्रेषितांच्या कृत्यांचा हा सहावा अध्याय दाखव आणि तरुण संघातली मुलं मागून घे. भाकरी थापायला नाही जमणार, पण पातेली उचलतील, वाढतील, घासतील. तू कुणाची वाटी कशी काढायची ते त्यांना शिकव. महिन्यातला एक रविवार तरी पुढच्या बाकावर बस.

शुक्रवारी जायचं की नाही ते जाऊबाईंशी बोलून झाल्यावर ठरव. जायचं झालं तर जा, पण जीभ तुझी आहे.

आजींचं बीपी किती निघालं ते मला कळव.

तुझी,
मावशी