अध्यापक महाविद्यालयातील नोकरी आणि समाजाचे काम एकत्र करता येते का?

तुम्ही विचारले आहे की एम.एड. पूर्ण होत आले आहे, बी.एड. महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे आहे, पण वस्तीतल्या मुलांसाठी काम करण्याचीही मनापासून इच्छा आहे. तर या दोन गोष्टी एकत्र जमतात का, की नोकरी पोटासाठी आणि समाजसेवा रविवारसाठी अशी वाटणी करावी लागते? पश्चिम महाराष्ट्रातील एका अनुदानित अध्यापक महाविद्यालयात मराठीची अध्यापनपद्धती शिकवून मी निवृत्त झाले आहे आणि त्या अनुभवाच्या आधारे लिहिते आहे. समाजाचे काम वेगळ्या खणात ठेवले की त्याचे एक शिबिर होते, फलकासमोर फोटो निघतो आणि अहवाल जोडून विषय संपतो. सराव पाठ, आंतरवासिता (शाळेत राहून घ्यायचा प्रत्यक्ष अनुभव) आणि संशोधन ही तर आपल्याला नेमून दिलेलीच कामे आहेत, आणि त्यांच्या आत शिरलेले काम मात्र टिकते, असे माझे मत आहे.

आधी नोकरीविषयी स्पष्ट बोलते, कारण या भागात उमेदवारांना अर्धवट माहिती दिली जाते. सामान्यतः आपल्या विषयातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. या दोन्हींत किमान ५५ टक्के गुण आणि त्यावर नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. अशी अर्हता लागते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे केले आणि १०० प्रवेशक्षमतेच्या, म्हणजे दोन्ही वर्षे मिळून २०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला १६ पूर्णवेळ अध्यापक ठरवून दिले. कागदावर हे १६ असतात; प्रत्यक्षात बऱ्याच विनाअनुदानित महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे मिळणारी मंडळी गाडा ओढतात आणि सुट्टीतल्या महिन्यांत त्यांच्या हाती काहीच पडत नाही. महाराष्ट्रातील २९१ डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, त्याचा अहवाल २०१२ साली आला आणि शिक्षक घडवणाऱ्या संस्थांचा धंदा कसा झाला आहे हे साऱ्या देशासमोर मांडले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान अर्हता व्हावी असे म्हटले आहे, त्यामुळे केवळ बी.एड. चालवणाऱ्या महाविद्यालयांचे पुढे काय होणार हा प्रश्न तुमच्या पिढीला सोडवावा लागेल. एम.एड.बरोबर तुमचा मूळ विषय पक्का ठेवा, असे मी सांगेन. अशी एकात्मिक पदवी चालवणाऱ्या बहुशाखीय महाविद्यालयात त्याच्याच बळावर उभे राहता येईल.

आता मुख्य प्रश्न. आपल्याकडे शिक्षक-शिक्षण आणि समाजकार्य हे वेगळे रस्ते कधी नव्हतेच, ते अलीकडे वेळापत्रकाने वेगळे केले. भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज काढले ते खेड्यांतल्या शाळांना खेड्यांत राहणारे शिक्षक हवे होते म्हणून. देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव असलेले जे. पी. नाईक यांनी दिल्लीत धोरणे लिहिली, पण त्याच माणसाचे गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी, म्हणजे ग्रामीण शिक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेशी घट्ट नाते होते. आणि चित्राताई नाईक यांनी शिक्षण संचालकपदाचा अनुभव गाठीशी असताना पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेतून खेड्यांत रात्रीचे अनौपचारिक वर्ग उभे केले, कारण दिवसा काम करणाऱ्या मुली दिवसा शाळेत येणे शक्यच नव्हते.

मला मात्र सगळ्यांत जास्त शिकवले ते कोसबाडने. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर या बायकांनी पालकांच्या उदासीनतेवर निबंध लिहिला नाही; त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. मोठी मुले गुरे राखायला जात, तर कुरणात शाळा भरवली. मॉन्टेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, तर बिया, पाने, शंख-शिंपले यांतून साधने केली. आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे असे की हे सारे करताना तिथेच बालवाडीच्या शिक्षिका तयार होत होत्या. प्रशिक्षण आणि सेवा यांचे दोन अहवाल तिथे लिहावे लागत नव्हते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा उल्लेख बी.एड.च्या पुस्तकात असतो. अंगणात आणि कुरणात नेमके काय घडत होते, याला बहुधा चार ओळीही मिळत नाहीत. फलटणचे उदाहरणही असेच आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारतीय नागरिकत्व घेतलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन तिथे मराठी बोलीचा अभ्यास करायला आल्या आणि दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली.

आंतरवासितेचे वेळापत्रक ही तुमच्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट असेल. दोन वर्षांत मिळून २० आठवडे छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चे विद्यार्थी, शाळांत असतात. सर्वसाधारण प्रघात असा की त्यांना गावातल्या नामवंत माध्यमिक शाळेत पाठवायचे, तिथे आठवीची अ तुकडी मागायची, रंगीत तक्ते टांगून पाठ घ्यायचा आणि निरीक्षणवहीत ‘प्रस्तावना परिणामकारक’ असा शेरा घेऊन परतायचे. याने पाठ होतात, शिक्षक होत नाही. शाळा निवडण्याचे काम कुणालाच आवडत नाही, कारण पत्रव्यवहार, परवानग्या आणि एसटीची वेळापत्रके सांभाळावी लागतात. ते काम तुम्ही मागून घ्या, कुणी हरकत घेणार नाही. निम्मे विद्यार्थी नेहमीच्या शाळेत जाऊ द्या, पण निम्मे आश्रमशाळेत, नगरपालिकेच्या शाळेत, कारखान्याच्या परिसरातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातील असे बघा, आणि दरवर्षी शाळा बदलू नका. बी.एड. माध्यमिक वर्गांसाठी आहे, प्राथमिक शाळेत का पाठवता, असा आक्षेप येतो. सातवी-आठवीतल्या मुलाचे वाचन कुठे अडकले आहे हे ज्याला कळत नाही तो नववीला मराठी काय, इतिहासही शिकवू शकत नाही, हे माझे उत्तर असे.

आमच्या भागात ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. बीडकडून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात, कारखान्याजवळच्या माळावर कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या उभ्या राहतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटे फडात जायचे तर तान्हे मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर येते. ती दहा-अकरा वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही याचे उत्तर तिच्या कडेवरच बसलेले असते. आमच्या छात्राध्यापिकांनी वर्ग सुरू केला तेव्हा लहान भावंडांना घेऊन यायला परवानगी देणे हा पहिला शैक्षणिक निर्णय होता, बाकी पद्धतिशास्त्र नंतर. दुसरी अडचण भाषेची. बरीच मुले घरी गोरमाटी ही बंजारा समाजाची बोली बोलत, काहींची मराठी मराठवाड्याची, आणि आमच्या मुली कोल्हापुरी वळणाच्या. पाठ्यपुस्तकातला बागेतल्या फुलपाखराचा धडा कुणाच्या गळी उतरेना. मग मुलांनी सांगायचे आणि ताईंनी फळ्यावर लिहायचे, असा क्रम धरला: बैल कसा बसला, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) कुणाला विकले, मुकादम काय म्हणाला. आपणच बोललेले वाक्य फळ्यावर दिसते आणि उद्याही ते तसेच वाचता येते, हे कळल्यावर मुले अक्षरांकडे वळली. सगळी वळली असे म्हणणार नाही; हंगाम संपला की टोळी उठते आणि मुले गावी जातात. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक देण्याची सोय आहे, पण ते भरून मुलाच्या हाती देणे आणि गावाकडच्या गुरुजींना फोन करून ते मूल वर्गात बसले का हे विचारणे याला माणूस लागतो. हे काम आम्ही आंतरवासितेच्या गुणांत धरले. त्यावर विभागात बरीच चर्चा झाली, कारण त्याचे मूल्यमापन कसे करायचे याचा तक्ता तयार नव्हता.

यात काही मर्यादा पाळाव्यात. छात्राध्यापक म्हणजे रिक्त पदावर बसवलेला फुकटचा शिक्षक नव्हे. मुख्याध्यापकांनी तसे धरले तर स्पष्ट आणि लेखी नाही म्हणावे, नाहीतर शिक्षक भरती न करण्याला आपणच हातभार लावतो. वह्या-पेन्सिली वाटण्याचा कार्यक्रम करू नये. तो झाला की पुढच्या वेळी मुले वह्यांसाठी येतात आणि पालक आपल्याला देणगीदार समजतात. मुलींच्या प्रवासाची आणि परतीच्या गाडीची जबाबदारी स्वतः घ्यावी. वस्तीत जाताना तिथल्या बाईमाणसांना आधी विचारावे. मुलांचे फोटो तर त्यांच्या परवानगीशिवाय काढूच नयेत. संस्थेच्या सचिवांना फलक हवा असेल तर तो महाविद्यालयाच्या दारात लावावा, कोपीसमोर नको.

बढतीच्या बाबतीत फार आशा ठेवू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ सालीच अध्यापन आणि संशोधनाच्या जोडीला विस्तारकार्य, म्हणजे समाजात जाऊन करायचे काम, ही विद्यापीठांची तिसरी जबाबदारी मानली, पण पदोन्नतीची फाईल पुढे सरकते ती प्रामुख्याने शोधनिबंधांवर. म्हणून हे काम लिहून काढणे हा स्वार्थ नसून गरज आहे. आपल्या क्षेत्रातले बरेच प्रबंध ‘अमुक व तमुक विद्यार्थ्यांच्या अभिवृत्तीचा तौलनिक अभ्यास’ या साच्यातले असतात. प्रश्नावली वाटायची, सरासरी काढायची, फरक सार्थ आहे की नाही ते सांगायचे. त्यापेक्षा एका शाळेतल्या एका वर्गाचे वाचन वर्षभर कसे बदलले याची नोंदवही असलेले कृतिसंशोधन अधिक उपयोगी असते, फक्त नोंदी त्याच दिवशी लिहायची शिस्त लागते. मार्गदर्शक असा विषय सहज मान्य करत नाहीत. तुमचा एम.एड.चा लघुप्रबंध अजून ठरला नसेल तर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या अधिव्याख्यात्यांना भेटून या; कोणत्या केंद्रातल्या शाळांत खरी अडचण आहे हे त्यांना ठाऊक असते आणि त्यांच्या पत्राने पुढच्या परवानग्याही सुकर होतात.

एक आर्थिक बाजूही आहे, ती मोठ्या माणसांच्या चरित्रांत लिहिलेली नसते. अनुदानित पदावर पगार वेळेवर येत असल्याने मला वस्तीत जाणे परवडले. तासिकेवर काम करणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांकडून तशी अपेक्षा करणे मला कधीच योग्य वाटले नाही, आणि तुम्हीही पहिली काही वर्षे तशा नोकरीत असाल तर एका शाळेपलीकडे पसारा वाढवू नका. आधी नेट किंवा सेट पदरात पाडून घ्या.

मुलाखतीला बोलावणे येईल तेव्हा संस्था तुम्हाला पाठ घ्यायला लावेल, प्रमाणपत्रे तपासेल. तुम्हीही प्राचार्यांना विचारून घ्या: आंतरवासितेच्या शाळा कोण निवडते, मागच्या तीन वर्षांत त्या कोणत्या होत्या, आणि अध्यापक स्वतः त्या शाळांत किती वेळ बसतात. ही माहिती तिथल्या तिथे मिळाली तर पगाराचे बोलणे पुढे न्या. शाळांची यादी दाखवायला टाळाटाळ झाली तर त्या महाविद्यालयात विद्यार्थी शाळेत न जाताच आंतरवासितेच्या वह्या पूर्ण होत असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तिथे तुमच्या मनातले काम सुरू करायला फार वर्षे लागतील.