अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याआधी

गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये नवे स्पीकर लावलेत, त्यावर वडिलांचे लाडके शास्त्रीय गायक द. वि. पलुसकर पातळ आणि करकरीत वाटतात, स्वयंपाकघरातल्या ब्लूटूथ डब्यावर मात्र तेच गाणं गोड लागतं, आणि दुकानदार म्हणतो अ‍ॅम्प्लिफायर बदला. असंच ना? पैसे खिशातच ठेवा.

मी हे एकदा करून बसलोय. नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला, आठवडाभर खूश होतो, मग लक्षात आलं की खरखर पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येतेय! छोटा स्पीकर वरची सुरसुर आणि खालची घरघर दोन्ही गिळून टाकतो, म्हणून तो गोड. तुमची नवी जोडी काही लपवत नाही, एवढंच.

पलुसकर आपल्या नाशिकचेच, जन्म १९२१ चा. गेले १९५५ मध्ये. स्टिरिओ एलपी, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला वेगवेगळा आवाज देणाऱ्या लाँग प्ले तबकड्या, बाजारात येऊ लागल्या १९५८ च्या आसपास. म्हणजे त्यांचं गाणं मोनोच (दोन्ही स्पीकरला एकच आवाज), आणि बरंचसं ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तबकडीवरून टेप, टेपवरून सीडी, सीडीवरून कुणीतरी चढवलेली फाइल, अशा प्रवासात कुठेतरी खरखर काढायचा उत्साह येतो. मी घेतलेल्या एका ‘सुधारित’ सीडीत खरखरीबरोबर तानपुराही गेला होता. आवाज एकदम चकाचक, पण स्वर लावून झाल्यावर मागे जी आस रेंगाळते ती गायब. खरखर मला चालते, हे नाही चालत.

म्हणून त्याच गाण्याच्या दोन-तीन आवृत्त्या मिळवा. ऐकताना आवाजाची पातळी सारखी ठेवा, कारण जी किंचित मोठी वाजते तीच कानाला सरस वाटते. भलेभले यात फसतात. सुरुवातीच्या षड्जामागचा तानपुरा कुठे जिवंत आहे ते बघा. जुनी मोनो गाणी एकाच स्पीकरवर लावून पाहा. वडिलांच्या एलपी मोनो असतील आणि अ‍ॅम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर ते दाबा: मोनो खाचेतलं गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं, त्यामुळे दोन्ही चॅनल एकत्र झाले की सुईच्या उभ्या हालचालीतून येणारा गोंगाट कटतो. ७८ च्या तबकड्यांना मात्र एलपीची सुई लावू नका. त्यांची खाच रुंद असते आणि ही बारीक सुई तळाला घासत जाते.

नव्या रेकॉर्डिंगचं दुखणं वेगळं. तिथे सगळं दाबून एकाच उंचीवर आणलेलं असतं, तबल्याची थाप आणि गायकाचा श्वास एकाच जोराचे. अशी गाणी २४ बिट १९२ किलोहर्ट्‌झमध्ये, म्हणजे सीडीपेक्षा जास्त बारकाईने आवाज साठवणाऱ्या फाइलमध्ये, विकत घेऊन काय मिळणार? मोठी फाइल. नीट केलेली साधी १६ बिट ४४.१ ची सीडी तिला सहज मागे टाकते.

आणि नाशिकच्या पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेच्या मैफलीशी तुलना नका करू, तिथेही आपण कर्णेच ऐकतो. कुणाच्या घरी माइकशिवाय बैठक असली तर जाऊन बसा, कानाला माप मिळेल.

तुमच्याकडे कोणती सीडी आहे? मागच्या बाजूचा फोटो टाका, मग बघू.