चिंतेचं झाड आणि बाईंचा डिजिटल तास

“मॅडम, नोकरीची सहा वर्षं उरलीत. ती कशीबशी निभावून नेता येतील असं काहीतरी सांगा.”

समुपदेशनासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्याबसल्या त्यांनी हे एका दमात सांगितलं. वय 52. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित शाळेत त्या मराठी शिकवतात. मुलं त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात, म्हणून मीही इथं तेच म्हणते. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ही काळजी मी शिक्षकांकडून इतक्यांदा ऐकली आहे की आता शब्दसुद्धा ओळखीचे झालेत. मुलं मोबाईलवर माझ्या पुढे आहेत, व्हिडिओत माझ्यापेक्षा छान समजावलेलं असतं, मला ते तंत्र जमत नाही, मग वर्गात माझं काम काय?

बाईंच्या शाळेत मोठा टीव्ही आला होता. दर बुधवारी एक ‘डिजिटल तास’ घ्यायचा आणि त्याचा फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचा, असं ठरलं. पहिल्याच तासाला पडद्यावर काही येईना. अख्खा वर्ग बघतोय आणि बाई केबल काढताहेत, परत लावताहेत. शेवटी आठवीतल्या एका मुलाला बोलावलं. त्यानं रिमोटवरचं एक बटण दाबलं, चित्र आलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या त्या मुलासाठी होत्या. बाईंना मात्र त्या आपल्यावर वाजल्यासारख्या वाटल्या. तेव्हापासून मंगळवारची रात्र जागून जायची, सकाळी छातीत धडधड. दोन बुधवारी तर त्यांनी रजाच टाकली.

मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. या वयात झोप उडाली, धडधड होऊ लागली की रक्तदाब आणि थायरॉईड तपासल्याशिवाय सगळं मनाच्या खात्यावर टाकू नये, असं मला ठामपणे वाटतं. रिपोर्ट चांगले आले. मग आम्ही बोलायला बसलो.

“आणि आपल्याच जिल्ह्यातले डिसले गुरुजी बघा,” त्या म्हणाल्या. “परितेवाडीसारख्या गावात राहून जगात पहिले आले. मला साधी केबल जोडता येत नाही.”

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, 10 लाख डॉलरचं. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. सोलापूरकर म्हणून मलाही त्याचा अभिमान आहे. पण इथल्या शिक्षकांशी बोलताना एक गोष्ट वारंवार दिसते. घरच्या माणसाचं यश जितकं जवळचं, तितकं ते कधीकधी जास्त टोचतं. पुण्या-मुंबईचा कुणी असता तर ‘त्यांच्याकडे सोयी असतात’ म्हणून सुटता आलं असतं. इथं ती वाटही बंद.

अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञानं 1977 मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाबद्दल जी मांडणी केली, ती मला अशा वेळी फार उपयोगी पडते. हा विश्वास सगळ्यात पक्का होतो तो स्वतः एखादी गोष्ट करून बघितल्यानं आणि ती जमल्यानं. दुसऱ्याला करताना पाहूनही तो वाढतो, पण तो दुसरा आपल्यासारखा वाटला तर. कुणी पाठीवर थाप मारून ‘तुम्हाला जमेल हो’ म्हटल्याचा परिणाम त्यामानानं लवकर ओसरतो. आणि छातीतली धडधड माणूस ‘मला जमत नाही’ याचाच पुरावा म्हणून वाचतो. बाईंचं नेमकं हेच चाललं होतं. समोर आदर्श फार लांबचा, स्वतःचा पहिला अनुभव फजितीचा आणि धडधड साक्षीला हजर.

मी त्यांना विचारलं, “डिसले गुरुजींनी पुस्तकावर क्यूआर कोड चिकटवले, ते कशासाठी?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. कोड स्कॅन केला की कवितेचं ध्वनिमुद्रण, धड्याचा व्हिडिओ, गोष्ट, स्वाध्याय उघडायचा. मूल शाळेत पोचलं नाही तरी धडा त्याच्या घरी पोचायचा. आज बालभारतीच्या पुस्तकांवरही तसे कोड असतात, म्हणून आपल्याला त्यात नवल वाटत नाही. “मग तुमच्या वर्गात काय अडलंय? टीव्ही, ॲप, पीपीटी यातला एकही शब्द न वापरता लिहून आणा.”

शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न कुणी विचारत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. कुठलं बटण दाबायचं ते सांगतात. कुणासाठी दाबायचं, ते राहूनच जातं.

पुढच्या वेळी बाई दोन पानं भरून घेऊन आल्या. त्यांच्या पाचवीच्या वर्गात बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. त्यातली सात-आठ मुलं वर्गात मोठ्यानं वाचायला उभीच राहात नव्हती. उभं केलं तर ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. बाईंनी खाली ओळ मारून लिहिलं होतं: “ही मुलं हुशार आहेत. चुकायला घाबरतात.”

मी ते वाक्य त्यांनाच वाचायला लावलं. त्या वाचता वाचता थांबल्या.

टीव्ही आम्ही सोडून दिला. साधन निवडलं ते फोनमधलं आवाज मुद्रित करायचं ॲप. त्याला इंटरनेट लागत नाही, लाल टिकली दाबली की सुरू. आधी आठवडाभर बाईंनी घरी, दार लावून, स्वतःचंच वाचन मुद्रित करायचं आणि ऐकायचं. पहिले दोन दिवस त्यांना स्वतःचा आवाज सहन होईना. शिकवायला मुलगी होती पुण्यात, व्हिडिओ कॉलवर, पण ती “आई, अगं किती वेळा सांगू” म्हणायची. मी म्हटलं, लेकीकडून शिकू नका, त्या नात्यात फार काही मिसळलेलं असतं. शाळेतच कोण आहे तुमच्यासारखं? कार्यालयातल्या लिपिक बाई त्यांच्याच वयाच्या निघाल्या. दोघींनी मधल्या सुट्टीत डबा खाता खाता ते ॲप उलगडलं.

मग मुलं. व्हरांड्याच्या टोकाला बाईंचा जुना फोन, त्यात सिम नाही. मुलानं एकट्यानं जायचं, चिंचेच्या झाडाबद्दलचा बाईंनीच लिहिलेला छोटा उतारा वाचायचा, ऐकायचा, नाही आवडला तर पुसून परत वाचायचा. वर्गात चूक सगळ्यांसमोर होते आणि तिथंच राहते. इथं ती पुसता येत होती. एका मुलीनं नऊ वेळा वाचलं. बाई मला म्हणाल्या, “नऊ वेळा! वहीत तिनं एक ओळ कधी दुसऱ्यांदा लिहिली नव्हती.”

याच मुलीच्या बाबतीत घोटाळा झाला. तिनं तोच उतारा घरीही वाचला. वडिलांचा फोन, रात्री पाळी संपल्यावर हाती आलेला. भावानं ते मुद्रण बाईंना पाठवायच्या ऐवजी वर्गाच्या पालक-ग्रुपवर टाकलं. त्यात ती म्हणाली होती, “चिंतेच्या झाडाखाली आम्ही खेळायचो.” दुसऱ्या दिवशी वर्गात तिचं नावच पडलं, चिंतेचं झाड. ती दोन दिवस शाळेत आली नाही.

बाई आधी वेळ न ठरवता माझ्याकडे आल्या. “मी सांगत होते ना, हे माझं काम नव्हे.” धडधड किती, असं मी दहापैकी विचारते. मधल्या काळात ती नवावरून पाचावर आली होती, त्या दिवशी परत नऊ.

ती चूक माझीही होती. मुलांना धीर कसा येईल याचा आम्ही विचार केला, त्यांचा आवाज कुठवर जाईल याचा नाही. तिथंच बसून नियम लिहिले. मुद्रण फक्त बाईंच्या फोनमध्ये. वर्गाला काय ऐकवायचं ते मूल ठरवेल. पालकांना आधी विचारायचं आणि ग्रुपवर काहीही नाही. 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती हवी, हे 2023 च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यातलं कलम शाळा-क्लासवाल्यांनी एकदा तरी वाचावं. पण कायदा नसता तरी त्या मुलीचे दोन दिवस पुरेसे होते.

मग मी बाईंना म्हटलं, तिच्या घरी जा. सांगायला नको, विचारायला.

घरात आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. बाईंनी विचारलं, तुमच्यात चिंचेला काय म्हणतात? आजी म्हणाली, “चिंतपंडु.” झाडाला चिंतचेट्टु.

हे मला सांगताना बाईंचे डोळे भरून आले. “27 वर्षं मॅडम, मी ‘चिंत’ला लाल शाईनं गोल करतेय. ते पोर चुकत नव्हतं, घरचा शब्द बोलत होतं. मी कधी विचारलंच नाही.”

त्यानंतर जे झालं ते सुचवणारी मी नव्हे. तो बाईंचा स्वतःचा तास होता. त्यांनी वर्गात ‘बोलका शब्दकोश’ सुरू केला. चौघांचा गट, एक फोन. घरातला एक शब्द तीन भाषांत मुद्रित करायचा, त्याचं चित्र काढून फोटो घ्यायचा. चिंच, चिंत, हुणसे. तूप, नेय्यि, तुप्प. मराठीत आणि कन्नडमध्ये तूप जवळजवळ एकच आहे, हे कळल्यावर कन्नड बोलणारा एक मुलगा बाकावर उभा राहिला म्हणे. आणि माग! तेलुगूत मग्गम, कन्नडमध्ये मग्ग. ज्याच्या खटखटीवर अर्ध्या वर्गाचं घर चालतं, तो शब्द तिन्ही भाषांत सख्खा निघाला. एका शब्दावर दोन घरांत दोन उच्चार आले, मुलं भांडली. बाईंनी दोन्ही ठेवले. फोटो आणि आवाज जोडून व्हिडिओ करायचं काम आठवीतल्या त्याच मुलाकडे आलं. क्रम कसा लावायचा, वाक्य कुठं तोडायचं, कुठला आवाज परत घ्यायचा, हे मात्र तो बाईंना विचारत होता. अजूनही टीव्हीची केबल बाई त्यालाच लावायला सांगतात. आता “ये रे, तुझं काम आलं” अशी हाक मारून.

बुधवारची रजा थांबली. झोप हळूहळू आली, एकदम नाही. धडधड तीन-चारावर असते आणि तेवढी घेऊन वर्गात जाता येतं हे त्यांना कळलंय. ज्यांची झोप महिनाभर परतत नाही, किंवा ज्यांना सकाळी उठूच नये असं वाटतं, त्यांनी असल्या प्रयोगांची वाट बघू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं.

शेवटच्या भेटीत बाईंनी मला एक मुद्रण ऐकवलं. त्या मुलीनं परवानगी दिली होती. आजी ‘मग्गम’ म्हणते, तेवढ्यात शेजारच्या कारखान्यातला माग सुरू होतो आणि शब्द बुडतो. मग मुलीचा आवाज येतो, चांगला खणखणीत: “अव्वा, मळ्ळी चेप्पु.” आजी, परत सांग.