सुदानचा उम्मा पक्ष धार्मिक चळवळीतून आला की ब्रिटिशांनी उभा केला?

दोन्ही, आणि खरी गंमत तिथेच आहे. मुहम्मद अहमदने १८८१ मध्ये स्वतःला महदी, म्हणजे शेवटच्या काळात येणारा इस्लामी तारणहार, म्हणवून घेतलं. १८८५ मध्ये त्याच्या अनुयायांनी, म्हणजे अन्सारांनी, राजधानी खार्टूम घेतली आणि तिचा बचाव करणारा ब्रिटिश जनरल गॉर्डन मारला गेला. १८९८ मध्ये ब्रिटिश सेनापती किचनरने सूड उगवला. महदीची कबर फोडून अस्थी नाईलमध्ये फेकून दिल्या.

पण पहिल्या महायुद्धात तुर्की सुलतानाने जिहाद पुकारला आणि सुदानी मुसलमानांना आपल्या बाजूला ठेवायला इंग्रजांना त्याच महदीच्या मुलाची गरज पडली. हा मुलगा अब्द अल्-रहमान, वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेला. नाईलमधल्या आबा बेटावर त्याने कापूस पिकवून पैसा केला, राबायला अन्सार होतेच. १९१९ मध्ये लंडनला जाऊन त्याने वडिलांची तलवार राजा पंचम जॉर्जला देऊ केली. राजाने ती त्यालाच परत दिली!

१९४५ मध्ये त्याच्या छत्राखाली उम्मा पक्ष निघाला. घोषणा 'सुदान सुदानींचा', म्हणजे इजिप्तशी विलीनीकरण नको. इंग्रजांनाही नेमकं तेच हवं होतं. उलट खत्मिया हा सूफी पंथ इजिप्तशी एकी हवी असलेल्यांच्या मागे गेला. म्हणजे पुढची भांडणं पक्षांची कमी, दोन घराण्यांची जास्त: एक महदीचं, दुसरं खत्मियांचं नेतृत्व करणारं मिरघनी. महदीचा पणतू सादिक अल्-महदी तर दोनदा पंतप्रधान झाला.