वाचकांचे प्रश्न : 'मूव्हिंग कॅसल' लिहिणाऱ्या डायनाबाई

प्रश्न : मुलीसोबत 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल' हा सिनेमा पाहिला. नावं येताना कळलं की हे मूळ डायना विन जोन्स यांचं पुस्तक आहे. इतकी भन्नाट गोष्ट, आणि या बाईंचं नाव मी कधी ऐकलंच नव्हतं! हॅरी पॉटर गाजल्यावर जे लिहायला लागले त्यातल्याच का या? मी पण मुलांसाठी लिहायचं म्हणतेय, पण वय सदतीस, घरात दोन लहान मुलं. उशीर झालाय का?

उत्तर : ताई, आधी सालं बघूया, कारण बाईंच्या बाबतीत हा गैरसमज फार जणांचा होतो आणि मला ते मनापासून लागतं. सिनेमा जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा, २००४ चा. पुस्तक १९८६ चं. आणि हॅरी पॉटरचा पहिला भाग आला १९९७ ला, तेव्हा डायनाबाईंना मुलांसाठी लिहायला लागून जवळपास पाव शतक झालं होतं. उलट पॉटरच्या लाटेत प्रकाशकांना त्यांची जुनी पुस्तकं आठवली आणि ती परत छापली गेली, म्हणजे नवीन वाचकांना वाटलं या आत्ता आल्या.

जन्म १९३४ चा, लंडनचा. लहानपण मात्र एसेक्समधल्या थॅक्स्टेड गावात गेलं, आईवडील तिथे तरुणांसाठी शिबिरांचं केंद्र चालवायचे आणि त्या गडबडीत तिन्ही मुलींकडे बघायला कुणाला वेळच नसायचा, त्या मुख्य घरात नव्हे, तर अंगणापलीकडच्या खोल्यांत राहायच्या. वडील पैशाच्या बाबतीत इतके चिकट की मुलांसाठी लिहिणारे आर्थर रॅन्सम यांच्या पुस्तकांचा अख्खा संच आणून कपाटात कुलूपबंद ठेवला आणि दर ख्रिसमसला एक पुस्तक बाहेर काढायचे, तेही तिघींत मिळून एक! वाचायला पुरेसं नाही म्हणून मोठ्या बहिणीने, म्हणजे डायनाने, वह्याच्या वह्या भरून स्वतःच गोष्टी लिहिल्या आणि धाकट्या दोघींना वाचून दाखवल्या. माझ्या मते त्यांचं करिअर खरं तिथेच सुरू झालं, कारण पुढच्या ओळीची वाट बघणारी मुलं समोर बसलेली असली की पाल्हाळ लावून चालत नाही.

पुढे ऑक्सफर्ड. तिथे 'नार्निया'वाले सी. एस. लुईस आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाले टोल्किन दोघांची लेक्चरं ऐकली. लुईसच्या तासाला हॉल भरलेला असायचा, आणि टोल्किन फळ्याकडे तोंड करून पुटपुटायचे तरी या चिकाटीने बसून राहायच्या. १९५६ मध्ये लग्न झालं, मग तीन मुलगे, आणि त्यानंतर बरीच वर्षं घर. मुलं थोडी मोठी झाल्यावर नेटाने लिहायला बसल्या. १९७० ला पहिली कादंबरी आली ती मोठ्यांसाठीची, मुलांसाठीचं पहिलं पुस्तक १९७३ ला, म्हणजे बाई चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. १९७७ चं 'चार्म्ड लाइफ', त्याला पुढच्या वर्षी गार्डियन वृत्तपत्राचा बालसाहित्याचा पुरस्कार. मग थांबल्याच नाहीत, २०११ ला गेल्या तोवर लिहीतच होत्या. तेव्हा सदतीस म्हणजे उशीर वगैरे काही नाही ताई, लिहा, रोज थोडं थोडं लिहा.

अजून एक, तुम्ही लिहिणार आहात म्हणून मुद्दाम सांगते. मोठ्यांसाठी फँटसी लिहिताना बाईंच्या लक्षात आलं की मोठ्यांना गोष्ट दोनदोनदा समजावून सांगावी लागते, मुलांना नाही, मुलं नीट लक्ष देऊन वाचतात आणि धागे स्वतः जोडतात. 'हाऊल'मधलं दारच बघा ना. दाराच्या वर एक रंगीत ठोकळा, रंग फिरवला की तेच दार वेगळ्याच गावात उघडतं, आणि काळा रंग खाली आला की चक्क आपल्या जगातल्या वेल्समध्ये, जिथे जादूगार हाऊलची बहीण त्याला नीट नोकरी करत नाहीस म्हणून झापते! सिनेमात हा वेल्सचा भाग अजिबात नाही, युद्धच जास्त आहे. मुलीला पुस्तक जरूर द्या. आणि चालत्या किल्ल्याची कल्पना बाईंना दिली कुणी, तर एका शाळेत भेटलेल्या मुलाने, हे त्यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय.

प्रश्न : त्यांचं शेवटचं पुस्तक दुसऱ्या कुणी पूर्ण केलं असं वाचलं, खरंय का?

उत्तर : हो, खरंय. 'द आयलंड्स ऑफ कॅल्डिया' अर्धवट राहिलं होतं, ते धाकट्या बहिणीने, अर्सुला जोन्स यांनी, पूर्ण केलं आणि २०१४ ला आलं. लहानपणी वह्यांतल्या गोष्टी ऐकणाऱ्या दोघींतल्याच त्या एक.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे, डायनाबाईंची क्रेस्टोमान्सी ही जादूगाराची मालिका कुठल्या पुस्तकापासून सुरू करू? नेटवर प्रत्येक जण वेगळा क्रम सांगतो.

उत्तर : 'चार्म्ड लाइफ'पासून. कथेच्या काळानुसार 'द लाइव्ह्ज ऑफ ख्रिस्तोफर चँट' आधी घडतं म्हणून काही जण ते पहिलं सांगतात, पण बाईंनी स्वतः 'चार्म्ड लाइफ' आधी वाचायला सांगितलंय आणि ते बरोबरच आहे. त्यातला रुबाबदार मोठा जादूगार आधी भेटायला हवा, मग पुढच्या पुस्तकात तोच हट्टी पोरगा म्हणून दिसला की खरी मजा येते. आणि हो, मागचं कव्हर त्याला वाचू देऊ नका, त्यावर बरंच काही फोडलेलं असतं.