आधी थेंब मोजू द्या, घोषणा नंतर

तिसरी-चौथीचा वर्ग पहिल्यांदाच हाती आलाय ना, मग एक सांगते. ‘पाणी वाचवा’चे फलक रंगवण्यात पहिला आठवडा घालवू नका. मुलं फलक झकास रंगवतात आणि ब्रश धुताना नळ सताड उघडा ठेवतात! त्यापेक्षा गळक्या नळाखाली मापाचं भांडं ठेवा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी चार लिटरांच्या वर जातं. हा हिशोब मुलांनाच करू द्या. माझ्या वर्गातली एक चिमुरडी उत्तर बघून उठली ती थेट नळ आवळूनच आली.

प्रदूषणाचं जरा अवघड, कारण ते बरेचदा दिसतच नाही. काचेच्या बरणीत पाणी घ्या, खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाका आणि म्हणा, ‘आता हा बाहेर काढा.’ गाळणी, चमचा, कापूस, सगळं करून बघतील. पालापाचोळा गाळणीत अडकतो, विरघळलेला रंग नाही, हे त्यांचं त्यांना उमगू द्या. मध्ये बोलायचा मोह आवरा. मला अजून जमत नाही.

आणि हो, नळदुरुस्तीचा अर्ज आधीच देऊन ठेवा. हिशोब झाल्यावर मुलं रोज तुम्हालाच विचारणार.